जिंकेल तोवर खेळेल

खेळाच्या बातमीत निकाल आधी द्यावा, हे मला मुंबईच्या एका दैनिकाच्या कचेरीत शिकवले गेले. वर्णन मागून, जागा नसेल तर तेच आधी कापले जाते. त्या शिस्तीप्रमाणे निकाल आधी देतो. आमच्या नंदुरबारच्या जमना पाटील बॅडमिंटनमध्ये महिला एकेरीच्या अखिल भारतीय अजिंक्यवीर होत्या. पुढे एका अंतिम सामन्यात त्या हरल्या. ती बातमी मी दिली आणि ती बरोबर होती. तरीही त्या निकालाची कोरीट गावात एका ओट्यावर फेरसुनावणी झाली आणि साक्षीदार म्हणून मला बसवण्यात आले. बातमीदारीच्या सगळ्या काळात माझ्या बातमीची इतकी कसून तपासणी दुसरीकडे झाली नाही.

वडिलांच्या आजारपणामुळे मी मुंबई सोडून नंदुरबारला परत आलो, तेव्हा आमचा भाग पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. मुंबईच्या दैनिकाने मला बाहेरगावचा वार्ताहर म्हणून ठेवून घेतले. या कामाचे स्वरूप बाहेरच्या माणसाला माहीत नसते. बातमी इंग्रजीत, मोजक्या शब्दांत लिहून तारमास्तरांच्या हाती द्यायची. ती तारेने मुंबईला पोहोचते. तिथला उपसंपादक तिचे मराठी करतो. म्हणजे नंदुरबारात मराठीत किंवा अहिराणीत घडलेली गोष्ट इंग्रजीत जाई आणि परत मराठी होऊन छापली जाई. या प्रवासात तिचे काय काय होई, त्याचा एक नमुना पुढे येईल.

माझ्या बहुतेक तारा मिरचीच्या असत. मिरचीची आवक, कापसाचे पीक, तापीचा पूर, गाडी घसरली तर ती. खेळाची बातमी नंदुरबारहून यावी अशी मुंबईत कोणाची अपेक्षा नव्हती. ती यायला लागली ती जमनामुळे.

क्लबचे कोर्ट गावाबाहेर उघड्यावर होते. पलीकडे मिरचीच्या पथारी. हंगामात लाल मिरची तिथे वाळत पडलेली असे आणि दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की तिचा खाट, म्हणजे तिखट वास, कोर्टावर येई. धुळ्याहून आलेले पाहुणे खेळाडू सर्व्हिस करता करता शिंकत. आमच्या लोकांना त्याचे काही वाटत नसे.

कोर्टाच्या रेषा चुन्याच्या. वाऱ्याने त्या पुसट होत. पंच म्हणून बसायला कोणी नसे, कारण जो येई त्याला खेळायचेच असे. त्यामुळे तिथे एक रीत पडली होती. फूल, म्हणजे शटल, ज्याच्या बाजूला पडेल, त्यानेच सांगायचे. रेषेच्या आत पडले तर ‘शे’, बाहेर गेले तर ‘गयं’. अहिराणीत ‘शे’ म्हणजे ‘आहे’. पलीकडच्याने पुन्हा विचारायचे नाही. मामलेदार असो की कापसाचा दलाल, ‘नक्की का?’ असे विचारणे त्या कोर्टावर असभ्य समजले जाई. म्हणजे आपल्या विरुद्धचा गुण आपल्याच तोंडाने द्यायचा. नवीन माणसाला हे जड जाई. जमनाला गेले नाही, कारण ती लहानपणापासून त्याच कोर्टावर वाढली.

तिचे वडील शाळामास्तर. त्यांना संध्याकाळी जोडीदार मिळेना, म्हणून त्यांनी मुलीच्या हातात रॅकेट दिली. मॅट्रिकपर्यंत शिकेतो ती वडिलांना हरवू लागली, नंतर क्लबातल्या बहुतेकांना. खेळताना नऊवारी नेसे. उंच टाकलेले फूल अगदी मागच्या रेषेपर्यंत नेण्यात आणि ते तिथून परत आणण्यात तिचा हात धरणारे त्या भागात कोणी नव्हते.

लग्न झाले ते कोरीटच्या पाटील घराण्यात. नवरा उत्तम हा रेल्वेच्या माल कचेरीत कारकून, बिऱ्हाड नंदुरबारात. शेतीवाडी, गाईगुरे आणि अधिकार कोरीटला, सासऱ्यांकडे. सासरे दगाजी पाटील. सगळे त्यांना आबा म्हणत. मिरचीच्या मोसमात मी त्यांच्याकडे नेहमी जाई, कारण पिकाबद्दल ते फुगवून सांगत नसत आणि रडूनही सांगत नसत.

लग्नानंतर धुळ्याची स्पर्धा आली आणि भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली. त्यांचे पुढारी तुकाराम नाना, आबांचे चुलतभाऊ. नानांना बोलायला आवडे आणि ते चांगले बोलत. त्यांनी ओट्यावर विषय काढला तेव्हा मी कापसाची चौकशी करायला तिथेच बसलो होतो.

“दगा, चार लोकसमोर पाटीलनी वहू उड्या मारी, आन् आपन काय, टाळ्या वाजाडवानं?”

आबा अडकित्त्याने सुपारी कातरत होते. “जिकस का ती?” त्यांनी मला विचारले.

“आतापर्यंत तरी जिंकतेच,” मी म्हणालो.

आबांच्या घरी शर्यतीच्या बैलांची जोडी असे. त्यांनी त्याच हिशेबाने निकाल दिला. “मंग जवलोंग जिकी, तवलोंग खेयी. हारनी का रॅकेट टांगी देवानी.”

“वहू शे का बैल शे?” नाना म्हणाले.

“बैल ऱ्हाता तर तुले इचारं नसतं.”

जिंकेल तोवर खेळेल. हरली की रॅकेट खुंटीला. ओट्यावर हसू झाले, पण शब्द दिला गेला होता आणि आबांचा शब्द हा त्या घरात कायदा होता. मला त्या वेळी ही अट उदार वाटली. तिच्यात काय दडले आहे ते नंतर लक्षात आले. कोणताही खेळाडू कधी तरी हरतोच. हरण्यातूनच तो शिकतो. जमनाला ती सवलत नव्हती. यापुढचा प्रत्येक सामना तिच्यासाठी शेवटचा ठरू शकत होता.

दुहेरी सामने मात्र आबांनी अटीतून वगळले. मिश्र दुहेरीत ती एका डॉक्टरांबरोबर हरून आली, तेव्हा नाना लगबगीने आबांच्या ओट्यावर आले. आबा म्हणाले, “जोडीमा एक बैल आडना तर दुसराना काय दोष?” डॉक्टरांच्या कानावर हे गेले. त्यांनी ते मनावर घेतले नाही, पण पुढच्या वर्षी दुसरी जोडीदार शोधली.

मुंबईच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा उतरली तेव्हा मी रजा काढून गेलो होतो. सामने बंद सभागृहात होते. असे सभागृह तिने पूर्वी पाहिलेले नव्हते. आत गेल्यावर तिने उत्तमला विचारले, “मावळत कुठल्या बाजूला?” त्याने दाराकडे बोट दाखवले. सामना सुरू झाला आणि मला काही समजेना. तिचे उंच फूल मधेच पडत होते आणि समोरची बाई ते खाली आपटत होती. पहिला डाव गेला. दुसऱ्या डावात बाजू बदलल्या, आणि आता तेच फूल मागच्या रेषेच्या पार जाऊ लागले. उत्तम माझ्या शेजारी होता. त्याने डोळे मिटून घेतले होते.

प्रकार असा होता. आमच्या कोर्टावर पश्चिमेच्या टोकाला उभे राहिले की वारा पाठीशी, म्हणून फूल हलक्या हाताने टाकायचे. पूर्वेच्या टोकाला वारा समोरून, म्हणून जोराने. वर्षानुवर्षांच्या सवयीने जमना मुंबईच्या बंद सभागृहात नंदुरबारचा वारा धरून खेळत होती. आमच्या कोर्टावर वाढलेल्या माणसाखेरीज ही चूक दुसऱ्या कोणाला करता आली नसती.

दुसऱ्या डावात बरीच मागे असताना ती थांबली. बोट जिभेला लावून वर धरले. प्रेक्षकांत हसण्याची लाट उठली. पंचाने तिच्याकडे चष्म्यावरून पाहिले. ती स्वतःशीच पण मोठ्याने म्हणाली, “वाराच नही शे वो माय!” आणि पदर पुन्हा खोचून उभी राहिली. तो डाव तिने घेतला. तिसराही घेतला. नंतर मी विचारले तेव्हा म्हणाली, “भाऊ, वारा नाही हे मला आत शिरतानाच कळलं होतं. हाताला कळत नव्हतं.”

ती स्पर्धा ती जिंकली. रात्रीची परतीची गाडी धरायची होती, म्हणून मी स्टेशनातूनच अभिमानाने तार केली. दुसऱ्या दिवशीच्या अंकात छापून आले : ‘नंदुरबारचे श्री. जमनादास पाटील यांनी महिला एकेरीचे अजिंक्यपद पटकावले.’ तारेत कुठे तरी नावाला ‘दास’ जोडला गेला होता आणि उपसंपादकाने नाव पाहून आदरार्थी ‘श्री.’ लावला होता. महिला एकेरी श्रीयुतांनी कशी जिंकली, हा प्रश्न त्याला पडला नाही. रात्रपाळीत असे प्रश्न पडत नाहीत; मीही तिथे काम केले आहे. तिसऱ्या दिवशी शेवटच्या पानावर एका ओळीची दुरुस्ती आली. तोवर नानांनी मूळ अंक मिरचीच्या बाजारात सगळ्यांना वाचून दाखवला होता. “आमना घर जमनादास शे,” ते सांगत. कित्येक महिने ते सुनेला “काय जमनादासशेठ?” अशी हाक मारीत. ती डोक्यावरचा पदर सावरून “बोला नाना” म्हणे. बोलण्यात खोच होती, पण कुचेष्टा हळूहळू निघून गेली होती, हे मला दिसत होते. बाजारात नाना आता ‘जमनाचे चुलतसासरे’ म्हणून ओळखले जात होते, आणि त्यांना त्याची तक्रार नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात तिने अखिल भारतीय अजिंक्यपद मिळवले. त्या वेळी नाव बरोबर छापले गेले. मी तारेत ‘श्रीमती’ घालून ठेवले होते.

मग महायुद्ध आले. फुले विलायतेहून येत, ती येईनाशी झाली. या फुलाबद्दल थोडे सांगायला हवे. ते हंसाच्या पिसांचे असते आणि सगळी पिसे एकाच, डाव्या पंखातली लागतात. दोन्ही पंखांतली मिसळली तर फूल हवेत भलतीकडे वळते. जमनाने जुन्या फुलांची बुचे जपून ठेवली आणि सरावापुरती कोंबड्यांची पिसे लावायचे ठरवले. मोलगीच्या बाजारातून एक डोंगरातला म्हातारा पांढऱ्या कोंबड्यांची पिसे घेऊन येऊ लागला. पायी सातपुडा उतरून येई. पहिल्या खेपेला जमनाने त्याची अर्धी पिसे बाजूला काढून परत केली. मधल्या दुभाष्यामार्फत त्याने विचारले, “उजव्या पंखाने काय पाप केलं?” जमनाने त्याला कोर्टावर नेले. उजव्या-डाव्या पिसांचे एक फूल बांधून मारून दाखवले. ते गिरकी घेत भलत्याच बाजूला जाऊन पडले. म्हाताऱ्याला हा प्रकार इतका आवडला की त्याने तेच फूल मागून घेतले. पुढच्या खेपेपासून तो डावी पिसे वेगळी बांधून आणी. ती फुले फार टिकत नसत, पण त्यांच्यावर तिचा हात चालू राहिला.

आता तो अंतिम सामना.

अजिंक्यपद राखण्यासाठी ती मुंबईला गेली, त्या वर्षी आबा बरोबर निघाले. “एकदाव देखू तरी, काय करस ती,” एवढेच म्हणाले. सभागृहात पांढऱ्या पोशाखातल्या मंडळींत त्यांचे पागोटे लांबून दिसत होते. मी त्यांना वार्ताहरांच्या टेबलाशी, माझ्या शेजारी खुर्ची मिळवून दिली. समोरच पंचाची उंच खुर्ची होती. तिच्यामुळे आम्हाला एका बाजूची मागची रेषा दिसत नव्हती, आणि अखेरीस जमना त्याच बाजूला होती. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे त्याला महत्त्व आले.

पंच गुण इंग्रजीत पुकारत होता. आबा दर वेळी विचारत, “काय म्हनी ऱ्हायना तो?” मी सांगे, “जमना पुढे.” नाही तर, “जमना मागे.” थोड्या वेळाने त्यांनी विचारणे सोडले आणि ते तिच्या पायांकडे पाहू लागले. बैल पारखणारा माणूस पायच पाहणार. “थकी ऱ्हायनी,” ते एकदा म्हणाले. माझ्या लक्षात आलेले नव्हते. दोन गुणांनी मला ते दिसले.

समोरची मुलगी मुंबईच्या कॉलेजातली, वयाने लहान, फार चांगली खेळणारी. पहिला डाव जमनाचा, दुसरा तिचा. महिला एकेरीत डाव अकरा गुणांचा असे, आणि ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळे. तिसऱ्या डावात त्या मुलीला शेवटचा एक गुण हवा होता आणि सर्व्हिस तिच्याकडे होती. जमना एका गुणाने मागे. त्या मुलीने फूल उंच, खूप मागे टाकले. जमना मागे धावली, रॅकेट उचलली आणि ऐन वेळी हात आखडून घेतला. फूल पडले. रेषापंचाने हात पसरून ते बाहेर गेल्याचा इशारा दिला. पंचाने सर्व्हिस बदलल्याचे पुकारले. जमना वाचली होती. मी ‘जमना बचावली’ असे इंग्रजीत लिहायला घेतले.

तेवढ्यात तिचा आवाज आला. “शे.”

सभागृह शांत होते, त्यामुळे शब्द सगळ्यांनी ऐकला. समजला तो फक्त आम्हा तिघाचौघांना. पंच खुर्चीवरून वाकला आणि त्याने पुन्हा सर्व्हिस बदलल्याचे सांगितले. रेषापंचाचा निर्णय अखेरचा असतो. खेळाडूला तो बदलता येत नाही. जमनाने फूल उचलले आणि जाळीपाशी जाऊन ते त्या मुलीच्या हातात दिले. मग आपला हात पुढे केला. ती मुलगी गोंधळून पंचाकडे पाहत होती. जमनाने तिचा हात स्वतःहून हातात घेतला. हात मिळवला की सामना संपतो. सामना संपला.

“तिनी ‘शे’ म्हनं?” आबांनी विचारले.

“हो.”

“मंग शे.” ते उठले आणि पागोटे नीट करू लागले. नीटच होते ते.

मी तार केली. तिच्यात ‘शे’ची हकिकत घातली होती. तार गेल्यावर, मुंबईतच असल्याने, मी स्वतः कचेरीत गेलो, पण तोवर उपसंपादकाने ती काढून टाकली होती. वाचकांना शब्द कळणार नाही, आणि रेषापंचावर शिंतोडे कशाला, असे त्याचे म्हणणे. ‘श्रीमती जमना पाटील अंतिम फेरीत पराभूत.’ एवढेच उरले. वर्तमानपत्राच्या दृष्टीने ते चुकीचे नव्हते. याची रुखरुख मला आजही आहे.

परतीच्या प्रवासात सुरतेला गाडी बदलल्यावर तिने रॅकेट लाकडी चौकटीत घातली आणि चारही मळसूत्रे घट्ट पिळली. लाकडी रॅकेट वाकू नये म्हणून ही चौकट असते. रोज वापरणारा माणूस ती इतकी घट्ट पिळत नाही. आबा समोरच्या बाकावर डोळे मिटून बसले होते.

“आबा शब्द मोडणार नाहीत,” ती हळू आवाजात मला म्हणाली. “आणि मोडा असं मी म्हणणार नाही.”

“तू काही बोलली नसतीस तर—” मी म्हणालो.

“बोलले कुठे भाऊ? निघून गेलं तोंडातून.” ती खिडकीबाहेर पाहू लागली. मग म्हणाली, “पण थांबून विचार केला असता, तरी तेच निघालं असतं. मग थांबले नाही तेच बरं.”

काही दिवसांनी मला कोरीटहून निरोप आला. ओट्यावर आबा, नाना आणि चार-पाच भाऊबंद बसले होते. उत्तम खांबाला टेकून उभा होता. दाराआड जमना होती. बांगड्या वाजल्या म्हणून कळले. नानांच्या हातात तो अंक होता. मला वाटले, आता ते आपला जुना मुद्दा वसूल करणार. झाले उलटेच.

“दगा, ऐकी ले,” नाना म्हणाले. “पंचनी काय सांगं? बाहेर. पंचवर कोन्ही जास का? नही जात. मंग फूल बाहेर. मंग ती हारनी कशी?”

“तिनी हात मिळाडा,” एक भाऊबंद म्हणाला.

“हात तर मी तुन्हासंगेबी मिळाडस. मंग मी तुन्हापुढे हारनू का?”

जमनाच्या खेळण्याच्या बाजूने नाना वकिली करत होते. नानांनी माझ्याकडे अंक फडकवला. “हाऊ पेपरवाला भाऊ तठेच बठेल व्हता. सांग भाऊ. फूल आत का बाहेर?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला फक्त एक शब्द उच्चारायचा होता. ‘बाहेर’ म्हणालो असतो तर वाद तिथेच मिटला असता आणि जमना पुढच्या वर्षी खेळली असती. रेषापंच तसेच म्हणाला होता, पंच तसेच म्हणाला होता. खोटे ठरवायला कोणी आले नसते. फक्त दाराआड उभ्या असलेल्या बाईचा शब्द खोटा झाला असता.

“मला ती रेषा दिसत नव्हती,” मी म्हणालो. “पंचाची खुर्ची मधे होती. आबांनाही दिसत नव्हती.”

“पेपरमा तर लिखं, पराभूत!”

“हात मिळवलेला दिसला. तेवढं लिहिलं.”

“अर्ध देखं आन् पूरं लिखं,” नाना चिडून म्हणाले. वर्तमानपत्राच्या धंद्याबद्दल इतके अचूक वाक्य मी फारसे ऐकलेले नाही.

मग आबांनी मान न वळवता हाक मारली. “जमना. फूल कोठे पडनं?”

“रेघवर, आबा.”

“तुले दिसनं?”

“मन्हा पायना बाजूले पडनं. मी देखं.”

“मंग हारनी,” आबा म्हणाले.

उत्तमने खांबावरचा हात काढला. आत बांगड्यांचा आवाज झाला नाही. आबांनी पानाचा डबा पुढे ओढला, सुपारी निवडली, कातरली, अर्धी नानांपुढे धरली आणि मग, पिकाचे काही ठरवावे तशा स्वरात, म्हणाले, “आते जवलोंग जिकी नही, तवलोंग खेयी.”

नानांचा सुपारीकडे गेलेला हात थांबला. “काय म्हनं?”

“जे पह्यले म्हनं व्हतं तेच.”

“पह्यले तू ‘जिकी तवलोंग’ म्हनं व्हतं!”

“तेच म्हनी ऱ्हायनू ना. जिकी नही तवलोंग.”

पहिली अट होती, जिंकेल तोवर खेळेल. आता झाली, जिंकत नाही तोवर खेळेल. प्रत तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. एक ‘नही’ वाढला आहे हे माझ्या लगेच ध्यानात आले. मी दुरुस्ती सुचवली नाही. नानांनी एकवार माझ्याकडे पाहिले, सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, “म्हातारा शब्दना पक्का शे.”

त्यानंतर जमना हरायला मोकळी झाली. त्याचा तिच्या खेळावर काय परिणाम झाला, हे आकड्यांत सांगता येणार नाही. पूर्वी ती जिंकण्यासाठी खेळे आणि न हरण्याकडे तिचे लक्ष असे. आता ती जोखमीचे फटके मारू लागली. जाळीलगत अलगद फूल सोडण्याची करामत तिने याच काळात हस्तगत केली. एका वर्षी मुलगा झाला म्हणून ती स्पर्धेला गेली नाही. पुढच्या हिवाळ्यात सराव सुरू झाला तेव्हा नातू आबांच्या मांडीवर, कोर्टाच्या कडेला. मिरचीच्या खाटाने नातू शिंके.

काही वर्षे ती उपान्त्य फेरीत हरली, एकदा पुन्हा अंतिम फेरीत. दर वेळी परत आल्यावर ती आधी कोरीटला जाई. आबा अंगणात बाजेवर असत.

“जिकनी का?”

“नही, आबा.”

“मंग आखो जावं लागी,” ते म्हणत, आणि विषय संपे.

चाळीसच्या दशकाच्या अखेरीस, वयाने तिच्याहून बऱ्याच लहान मुली खेळायला आल्या असताना, तिने अजिंक्यपद पुन्हा मिळवले. मी तार केली. या वेळी नाव, आडनाव, निकाल, सगळे बिनचूक छापले गेले. ती कोरीटला निघाली तेव्हा मीही बरोबर गेलो. जिंकल्याचा आनंद होता, पण तिच्या मनात काय चालले आहे ते मला कळत होते. तिच्या खेळण्याची मुदत तिने स्वतःच संपवली होती.

आबा बाजेवर पडून होते. थकले होते, पण नजर शाबूत होती. नाना उशाशी बसून बाजारात कुठल्या मिरचीला गिऱ्हाईक नाही ते हलक्या आवाजात सांगत होते, आणि आबा त्यातली चूक तितक्याच हलक्या आवाजात दुरुस्त करत होते. आम्हाला पाहून नाना गप्प झाले. अंक त्यांच्या मांडीवरच होता. वाचून झालेला दिसत होता.

जमनाने पदर सावरला, वाकून नमस्कार केला आणि उभी राहिली.

“जिकनी का?” आबांनी विचारले.

“जिकनू, आबा.”

आबा तिच्याकडे पाहत राहिले.

“जिकनू, आबा,” ती मोठ्याने म्हणाली.

आबांनी नातवाला हाताने जवळ बोलावले, त्याला बाजेवर बसायला जागा करून दिली आणि कूस बदलली.

“मन्हा कान गयात आते,” ते म्हणाले. “पुढला सालले सांगजो.”